घाट उतरवला, तो उंचीच्या हिशेबावर

आंबेनळी घाटातली दोन हेअरपिन वळणं १:६४ प्रमाणात थ्रीडी प्रिंटरवर छापायची आणि त्यावरून हॉट व्हील्स, मॅचबॉक्सच्या खेळण्यातल्या गाड्या सोडायच्या, असं मनाशी ठरवलं आणि ते पूर्ण केलं. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा हा रस्ता मला फार प्रिय आहे. वाडा कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा येतो, तिथपर्यंतची वळणं तर डोळे मिटले तरी दिसतात. नारिंगी प्लास्टिकच्या पट्ट्या बाजारात मिळतात. मॅटेल कंपनीने १९६८ साली हॉट व्हील्स आणल्या तेव्हापासून त्या आहेत, आणि वेगासाठी उत्तमच आहेत. पण त्यात घाट नाही. दोन गाड्या एका रस्त्यावर शेजारी शेजारी उतरताहेत, वळणावर एक आत घुसते, दुसरी कठड्याला घासून मागे पडते, हे पाहायचं तर रस्ता रुंद हवा आणि तो आपणच घडवायला हवा.

सुरुवात सोपी होती. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावरून रस्त्याची रेघ घेतली आणि तिला ६४ने भागलं. लगेच कळलं की अख्खा घाट विसरायचा. खरा एक किलोमीटर या प्रमाणात साडेपंधरा मीटरहून जास्त होतो. म्हणून दोन वळणं, त्यांना जोडणारे तीन सरळ तुकडे, बस. बाकीचं आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी शिकवलं. सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची हयात गेली. माझा कागद पाहून ते म्हणाले, "अरे, नकाशावरची रेघ कशाला मोजतोस? नियम लाव. रस्ता नियमानेच बांधलेला असतो." मग त्यांनी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची घाटरस्त्यांची प्रमाणं तोंडपाठ सांगितली. हेअरपिन वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर. सरळ रस्ता वळणाला मिळतो तिथे हळूहळू वाकणारा भाग किमान १५ मीटर. दुपदरी रस्त्याची रुंदी ७ मीटर. बाहेरची कड जास्तीत जास्त दहाला एक उचललेली. भागाकार केला तर आतली त्रिज्या २२ सेंटिमीटर, हळूहळू वाकणारा भाग २३ सेंटिमीटर आणि रुंदी ११ सेंटिमीटर. गाडी साधारण ३ सेंटिमीटर रुंद. म्हणजे दोन गाड्यांना ऐसपैस आणि तिसरीला चुरशीपुरती जागा. खऱ्या रस्त्याची मापं खेळण्याला इतकी चपखल बसावीत याचा मला अतोनात आनंद झाला.

पण उतार बसला नाही, आणि या सगळ्या कामाचं मर्म तिथेच आहे.

घाटात उतार साधारण ५ ते ६ टक्के ठेवतात. आकार ६४ने लहान करता येतो, गुरुत्वाकर्षण आणि घर्षण तसं लहान होत नाही. बारीक तारेचा आस आणि प्लास्टिकची चाकं असलेली गाडी ६ टक्क्यांवर सरळ रस्त्यात कशीबशी चालते आणि वळणात थांबते. कारण या गाड्यांना स्टिअरिंग नाही. त्या वळतात म्हणजे कठड्याला टेकतात आणि कठडा त्यांना वळवतो. प्रत्येक टेकण्यात वेग जातो.

मी काकांना विचारलं, "वळणात उतार किती ठेवता?" ते म्हणाले, "चाळीसला एक. अडीच टक्के. त्याच्या वर नाही. वळताना ट्रकची ताकद वळण्यातच जाते, त्यात चढ दिलास तर तो तिथेच बसतो." हे ऐकलं आणि माझा प्रश्न सुटला. खरा घाट चढणाऱ्याचा विचार करून बांधतात. वळण ताकद खातं म्हणून तिथे चढ कमी करतात. माझी गाडी फक्त उतरते. वळण तिचीही ताकद खातंच, तेव्हा तिला तिथे उतार जास्त द्यायचा. कारण तेच, फक्त चिन्ह उलटं. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला आणि वळणांवर स्वतः पेन्सिलने १४ टक्के लिहिलं.

मग उंचीचा जमाखर्च मांडला. जेवणाच्या टेबलापासून जमिनीपर्यंत ७५ सेंटिमीटर, गाडीला मिळणारं भांडवल एवढंच. वाटेत कुठूनही भर पडत नाही. सरळ तुकडे मिळून ३.६ मीटर, ८ टक्क्यांनी २९ सेंटिमीटर खर्च. दोन्ही वळणं त्यांच्या वाकणाऱ्या भागांसह सुमारे २.६५ मीटर, १४ टक्क्यांनी ३७ सेंटिमीटर. उरले ९, ते सुरुवातीच्या उडीला. यापुढे प्रत्येक निर्णय याच हिशेबाने घेतला. कुठे उंची फुकट जाते आहे? कुठल्या सांध्यात, कुठल्या खरखरीत?

बाहेरची कड किती उचलायची, यावर मी बराच घोटाळलो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटींच्या, गाडी २० सेंटिमीटर अंतर किती चौकटींत कापते ते मोजलं. ४० चौकटी भरल्या, म्हणजे सेकंदाला १.२ मीटर. एवढ्या वेगाने २७ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण कठड्याला न टेकता घ्यायचं तर रस्ता २८ अंशांहून जास्त कलता हवा. तेवढा कललेला रस्ता घाट वाटतच नाही, सायकल शर्यतीचं मैदान वाटतं. खऱ्या नियमाप्रमाणे दहाला एक ठेवला तर कल सहा अंशांच्याही आत आणि गाडी कठड्यावर आदळते. मी १२ अंशांवर थांबलो. गाडी बाहेर सरकते, कठड्याला टेकते, पण आदळत नाही. शर्यतीला रंगत यायला तेवढं टेकणं हवंच, असं माझं ठाम मत आहे. कठडा ज्याला कधीच लागत नाही तो घाट कसला!

आराखडा ओपनएससीएडीमध्ये केला. हे फुकट सॉफ्टवेअर आहे आणि त्यात आकार काढायचा नसतो, लिहायचा असतो. त्रिज्या, कोन, उतार, कल, रुंदी असे आकडे वर मांडले की खालचा सगळा रस्ता त्यावरून बनतो. उतार १४चा १५ केला की सगळे तुकडे आपोआप बदलतात. वळत वळत खाली उतरणारा रस्ता त्यात थेट काढता येत नाही. मी रस्त्याचे पातळ काप एकामागे एक मांडले आणि शेजारचे दोन दोन काप 'हल' या आज्ञेने जोडत गेलो. तळ, डावा कठडा आणि उजवा कठडा मात्र वेगवेगळे जोडावे लागतात, कारण ही आज्ञा मधली पोकळी भरून टाकते आणि रस्त्याची भरीव वीटच तयार होते. टिंकरकॅड हे आकार जोडून आराखडा करायचं सोपं सॉफ्टवेअर वापरून पहिले तुकडे करायला काहीच हरकत नाही, पण उतार आणि कल एकत्र आले की ते अपुरं पडतं.

आता छपाई. माझ्या प्रिंटरचा बेड, म्हणजे ज्यावर तो प्लास्टिकचे थर रचत जातो तो पाट, २२ बाय २२ सेंटिमीटर आणि उंची २५. वळणाचे ३० अंशांचे सहा तुकडे पाडले. तुकडा आडवा ठेवून छापावा हे कुणालाही सुचेल. पण ०.२ मिलिमीटरच्या थरांनी ८ टक्के उतार आडवा छापला तर दर अडीच मिलिमीटरला एक पायरी येते. १४ टक्क्यांवर आणखी जवळ. चाकं त्या पायऱ्यांवरून खडखडत जातात आणि तो प्रत्येक खडखडाट आपल्या ७५ सेंटिमीटरमधून वसूल होतो. कललेल्या रस्त्यात तर पायऱ्या दोन्ही दिशांनी दिसतात.

म्हणून तुकडा उभा केला. सांध्याची सपाट बाजू बेडवर आणि रस्ता सरळ वर आभाळाकडे. अशाने रस्त्याचा पृष्ठभाग प्रिंटरला भिंतीसारखा वाटतो, आणि भिंत तो सुबक करतो. कल कितीही असो, पायरी येत नाही. थरांच्या रेघा आडव्या येतात, पण इतक्या दाट की सेंटिमीटरभर व्यासाच्या चाकाला जाणवत नाहीत. वळणाचा तुकडा वर जाताना एका बाजूला झुकतो, जास्तीत जास्त ३० अंश, आणि ४५ अंशांपर्यंत आधार लागत नाही. तुकडे ३० अंशांचे करण्यामागचं खरं कारण हेच. शिवाय बेडवर टेकलेली बाजू आरशासारखी सपाट येते, ती सांध्याला कामी येते. २३ सेंटिमीटरचा वाकणारा भाग आडवा मावला नसता, उभा एकसंध बसला. उंच आणि पातळ तुकडा छापताना डुलतो, त्यासाठी तळाला पाठीमागून बरगड्या दिल्या, पायाशी ८ मिलिमीटरची झालर दिली आणि वरच्या भागात वेग उतरवला. एका तुकड्याला सात-आठ तास लागतात. ते लागू द्यावेत.

पीएलए हे प्लास्टिक वापरलं, ते रिळावर गुंडाळलेल्या धाग्याच्या (फिलामेंटच्या) रूपात येतं. साधारण हजार रुपये किलो, नोझल, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणारी तोटी, २०५ अंशांवर, बेड ६०वर. पावसाळ्यात ते हवेतली ओल धरतं, नोझलमधून तडतड ऐकू येते आणि रस्त्यावर केसासारखे तंतू सुटतात. स्वयंपाकघरातला एक मोठा हवाबंद डबा मागून घेतला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, आणि काम झालं की रीळ लगेच आत. तयार तुकडे उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मात्र कधी ठेवू नका. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं आणि बंद गाडीत मे महिन्यात वाकायला वेळ लागत नाही.

सांधे हा वेगळाच अभ्यास आहे. खाचा-कंगोरे घालण्यापेक्षा दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरची भोकं ठेवली आणि त्यात १.७५ मिलिमीटर जाडीच्या फिलामेंटचेच तुकडे खुंट्या म्हणून घातले. भोक छापताना थोडं आक्रसतं, त्यामुळे खुंटी घट्ट बसते आणि तुकडे पुन्हा सुटेही करता येतात. पुढच्या तुकड्याची सुरुवातीची कड किंचित, नखाला लागेल न लागेल इतकी, खाली घासायची. गाडी पायरी उतरली तर तिला काही होत नाही. पायरी चढावी लागली तर नाक उडतं.

मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, ४०० नंबरचा पाण्यात बुडवून, करडं प्रायमर, पुन्हा ४००, आणि शेवटी मॅट डांबरी रंग. जाड रंग टाळा, चमकदार तर अजिबात नको, त्यावर चाकं घसरतात. कठड्याच्या आतल्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावली. बाहेरून काळे-पांढरे पट्टे. आतल्या त्या एका चिकटपट्टीने वळणातून बाहेर पडणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढला, आणि इतक्या स्वस्तात दुसरी कुठलीच सुधारणा झाली नाही.

डोंगर पुठ्ठ्याचे. गणपतीच्या देखाव्यांनी हात तयार होताच. पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचले, कडा वेड्यावाकड्या फाडल्या, वरून फेविकॉलमध्ये भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद. सह्याद्रीचा बेसॉल्टही लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला आहे, त्यामुळे त्या पायऱ्या-पायऱ्यांचे कडे अगदी आपले वाटतात.

सुरुवातीच्या फाटकात ३५ मिलिमीटरच्या तीन खाचा आहेत. एकच दांडी तिन्ही गाड्या अडवते आणि रबरबँडने खाली ओढली जाते, नुसती पडत नाही, त्यामुळे कुठल्याही गाडीला ती चाटत नाही. तळाला शेवटचा भाग किंचित चढता करून त्यावर जाजमाचा तुकडा चिकटवला आहे. आतली बाजू फायद्याची असते, म्हणून प्रत्येक गाडी तिन्ही जागांवरून सोडायची आणि तिन्ही निकालांची बेरीज करायची, असा नियम मुलांनीच केला. तळही धातूचा असलेल्या जड गाड्या सरळ भागात पुढे जातात, पण दुसऱ्या वळणात बुटक्या, रुंद गाड्या त्यांना गाठतात.

ज्यांच्याकडे टेबलाएवढी उंची नाही, स्टुलाची ४५ सेंटिमीटर आहे, त्यांनी एकच वळण घ्यावं, त्याचे १४ टक्के तसेच ठेवावेत आणि सरळ भाग कमी करावा. कुंभार्ली घाटाची रेघ आता मी उतरवून घेतली आहे. काका म्हणतात तिथे उतार तपासायला प्रत्यक्षच जाऊ, चिपळूणहून सकाळी निघू.