मदर्स डे झाला म्हणून कॅलेडियम लावू नका

शिकागोकडे बागेचा विषय निघाला की जो तो एकच सांगतो: मदर्स डे झाला की लावा. म्हणजे मे महिन्याचा दुसरा रविवार. बऱ्याचशा झाडांना ते चालून जातं. पण कॅलेडियमला, म्हणजे आपल्याकडच्या शोभेच्या रंगीत अळवाला, त्या रविवारशी काही देणंघेणं नाही, आणि हे कंद विकणारं कोणी सांगत नाही.

हिवाळ्याचा भाग, म्हणजे थंडीत कंद मरू नयेत म्हणून ते काढून घरात ठेवणं, लोक उगाच अवघड समजतात. ऑक्टोबरात पाल्यावर फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, पडून तो काळा झाला की कर्दळ आणि मोठं काळं अळू उकरायचं, पाला छाटायचा, गॅरेजमध्ये वाळवून पीट मॉसमध्ये (वाळलेल्या शेवाळाच्या भुश्श्यात) ठेवायचं. कॅलेडियम मात्र त्याआधीच काढायचं, रात्री ५५ फॅरनहाइटच्या खाली जायला लागल्या की. बेसमेंटच्या एकाच कोपऱ्यात सगळी खोकी रचू नका. कर्दळीला ४५ ते ५० अंशांचा गारवा मानवतो, कॅलेडियमला ६० च्या वर हवं, म्हणून त्याचं खोकं फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या, बाजूला. कोलियस या दुसऱ्या रंगीत पानांच्या झाडाला कंदच नसतो, त्याच्या फांद्या सप्टेंबरात पाण्यात ठेवल्या की झालं.

खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर ७५ अंश, सगळे अर्ध्या चड्डीत फिरतायत, दुकानांबाहेर कुंड्यांच्या रांगा, आणि मी मात्र चार इंच खोल मातीत थर्मामीटर खुपसून बघते तर ५५! कॅलेडियमला मातीच ७० फॅरनहाइट लागते, म्हणजे साधारण २१ सेल्सिअस. त्याहून गार, ओल्या मातीत कंद फुटत नाही, नुसता पडून राहतो आणि बऱ्याचदा तिथेच कुजतो. हवा एका दुपारीत तापते, जमिनीला आठवडे लागतात, त्यात एक गार पाऊस झाला की पुन्हा मागे. मिशिगन तळ्याच्या काठी राहणाऱ्यांचे हाल तर आणखी, त्याचं पाणी जूनपर्यंत थंडी सोडत नाही.

पाकिटावर काय लिहिलेलं असतं? ‘फ्रॉस्टची भीती संपल्यावर लावा.’ बस्स. हे कंद बहुतेक सगळे फ्लोरिडातल्या लेक प्लॅसिड भागातून येतात. तिथे हे वाक्य चालत असेल, इथे ते निव्वळ फसवं आहे. वर कोणीतरी उत्साहाने झोनची, म्हणजे कुठे कोणतं झाड हिवाळा काढेल ते सांगणाऱ्या सरकारी पट्ट्यांची, बातमी देतं: २०२३ च्या नव्या नकाशात शिकागोच्या आसपासचा बराच भाग ६ए या उबदार पट्ट्यात गेला! गेला असेल. झोन ठरतो हिवाळ्यातल्या नीचांकाच्या सरासरीवरून. माझे कंद तेव्हा फर्नेसशेजारी झोपलेले असतात, त्यांना त्याचं काय? मे महिन्यातल्या मातीबद्दल तो नकाशा अवाक्षर काढत नाही. कोकणात हाच कंद कोरड्या महिन्यांत जमिनीत गप्प असतो, पावसाबरोबर वर येतो. तिथे माती तापण्याची वाट बघावी लागत नाही.

मग मी जमिनीचा नाद सोडला. एप्रिलच्या सुरुवातीला कंद कुंड्यांत, दोनेक इंच खोल, खाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई. खडबडीत, डोळ्यांची बाजू वर. उलटा लावला तरी फुटतो, पण उशिरा. बाहेर न्यायच्या कुंड्या काळ्या प्लॅस्टिकच्याच घ्या, लवकर तापतात. आधी आठवडाभर सावलीत, रोज थोडा थोडा वेळ, नाहीतर घरात वाढलेली पानं उन्हाने करपतात. जूनमध्ये माती ७० ला पोचली की कुंडीसकट वाफ्यात पुरायचं. कुंडी दिसत नाही आणि काढताना उकराउकरी वाचते. शेजारी मे महिन्यात लावलेली, मान टाकलेली रोपं उपटत होते तेव्हा माझी पानं तळहाताएवढी होती. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

लावण्याआधी मधला ठसठशीत डोळा सुरीच्या टोकाने काढून टाका. बाजूचे डोळे फुटतात, पानं लहान पण भरपूर येतात. आणि पाला छाटण्यापूर्वीच नावाच्या चिठ्ठ्या बांधा, वाळल्यावर पांढरं कुठलं नि लाल कुठलं हे कोणालाही ओळखता येत नाही.

घरी येणारा प्रत्येक मराठी माणूस विचारतो, ‘वड्या करता का याच्या?’ नाही! कॅलेडियम विषारी आहे, खायचं नाही, शिजवूनही नाही. भाजीचं अळू लावत असाल तर दुसऱ्या वाफ्यात लावा.