निल रिपोर्ट

20 ऑगस्ट, रात्री साडेनऊ

आज आमच्याच घरात अळ्या सापडल्या. फ्रीजमागच्या ट्रेमध्ये. लिहितानाही लाज वाटतेय, पण रोजनिशीत लपवाछपवी करायची तर ती लिहायचीच कशाला?

शेजारच्या वस्तीवर डेंग्यूचे दोन पेशंट निघाले म्हणून आशाताई सकाळपासून घरोघर फिरत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा मी ओसरीवर पेपर वाचत होतो. "तुमच्याकडं काय बघायचं सुभेदारसाहेब, तुम्हीच आम्हाला शिकवताय," म्हणत त्या उंबऱ्यातूनच परत निघाल्या होत्या. शहाणपणा मीच केला. म्हटलं, "बघा बघा, नियम सगळ्यांना सारखा." रांजण झाकलेला, पिंप झाकलेलं, मोरीतल्या बादल्या पालथ्या. मग त्यांनी फ्रीज थोडा पुढं ओढला आणि मागं टॉर्च मारला. ट्रेमध्ये बोटभर पाणी, आणि पाण्यात वळवळ. डोकं खाली, शेपटीची नळी वर पाण्याला टेकवून तिरक्या लटकलेल्या. म्हणजे मलेरियाचा डास नाही, त्याची अळी पाण्यावर आडवी पडून असते. नात वाकून बघत होती, तिला मी हे समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात मागून सौ. म्हणाली, "28 वर्षं काय केलं मग?"

आजच जागतिक मच्छर दिन असावा, हा आणखी एक विनोद. 1897 साली याच तारखेला सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. रॉस इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. नोकरीत असताना या दिवशी जवानांना फॉल-इन करून मी हीच गोष्ट सांगायचो. निम्मे पेंगायचे.

सौ.चा प्रश्न तसा रास्त आहे. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये हेल्थ असिस्टंट. लखनौला ट्रेनिंग, मग बरीचशी नोकरी स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशनमध्ये. वर डॉक्टर अधिकारी, हाताखाली आम्ही. छावणीचं पाणी, लंगर, संडास, गटारं, माश्या, उंदीर, कुकची नखं, हे सगळं आमच्याकडे. अपशिंगे मिलिटरी आमच्या गावापासून लांब नाही आणि या पट्ट्यात घरटी एक फौजी. पारावर बसलं की कुणी 71 सांगतो, कुणी सियाचीन सांगतो. माझी पाळी आली की हमखास कुणीतरी म्हणतं, "आता संडास सांगा सुभेदार." हसतात. मीही हसतो, आणि सांगतोही. चर किती खोल खणायचा, माती कुठे टाकायची. ऐकणारा नसला तरी चहा येतो.

रोज सिक परेडचा, म्हणजे आजारी म्हणून हजर झालेल्या जवानांचा, आकडा यायचा. जुलाब, कावीळ, मलेरिया. रकान्यात "निल" आलं की आमचा दिवस सोन्याचा. पण निलबद्दल कुणी पाठीवर थाप मारत नाही. काहीच झालं नाही, तर हा माणूस दिवसभर करतो काय, असंच लोकांना वाटतं. एकदा एका कॅम्पमध्ये 11 जवान एका रात्रीत आडवे झाले. पाण्याच्या ट्रेलरमध्ये ब्लीचिंग टाकल्यावर वेळ भरायच्या आत कुणीतरी नळ सोडला होता. त्या आठवड्यात मात्र ब्रिगेडियरपर्यंत सगळ्यांना माझं नाव पाठ झालं.

आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले ते आलेच नाहीत. घरात सगळे म्हणतात लढाईत गेले. असतीलही. कागद कुणाकडे नाही. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, तिथे गोळीबरोबर उपासमार, हगवण आणि स्कर्व्हीनंही माणसं नेली. बगदाद जिंकणारा जनरल मॉड तर त्याच बगदादमध्ये 18 नोव्हेंबर 1917 रोजी कॉलऱ्यानं गेला. न उकळलेल्या दुधाचं निमित्त झालं असं सांगतात. जनरलच्या कपातल्या दुधाची ही कथा, तर आमच्या त्या धाकट्या पणजोबांच्या बाटलीतल्या पाण्याला कोण विचारतंय? हे मी घरात एकदा बोललो तर काका आठवडाभर बोलले नाहीत. हगवणीनं मेलेला माणूस त्यांना फोटोत नको होता.

दुपारी टाकीवर गेलो. गावच्या पाण्याला हल्ली वास येत नाही, म्हणून मनात शंका होतीच. लोकांना वास नको असतो, मला हवा असतो. जलसुरक्षक पोरगा चांगला आहे, रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, वहीत सही करतो. पण नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटी औषधाचे थेंब टाकले तर पिवळेपणाचा पत्ता नाही. पोत्याकडे गेलो. तोंड उघडं, पावडरचे दमट गठ्ठे झालेले. ताज्या पावडरीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो, उघडी पडली की तो उडून जातो आणि मागे पांढरी माती उरते.

घरून माझी पेटी आणवली. हॉरॉक्सची, पाण्याला किती ब्लीचिंग लागेल ते ठरवायची. सहा पांढरे कप आणि एक काळा. "कप-बशी काढली का आबा?" पोरगा म्हणाला. काळ्या कपात दोन ग्रॅमचा चमचाभर पावडर, पाणी घालून खुणेपर्यंत, ढवळून निवळू द्यायचं. सहा कपांत टाकीचं पाणी, आणि वरची निवळी पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्धा तास थांबायचं. या अर्ध्या तासात घाई करणारा माणूस आमच्या खात्यात टिकत नाही. मग प्रत्येकात इंडिकेटरचे तीन थेंब, क्लोरीन उरला असेल तर पाणी निळं. जुन्या पोत्याच्या पावडरीनं सहावा कपसुद्धा निळा झाला नाही. पोरगा गप्प झाला. मग बंद पोतं फोडून पुन्हा सगळं केलं. तिसरा कप निळाशार. म्हणजे 455 लिटरला तीन चमचे, सहा ग्रॅम. आपली टाकी 50 हजार लिटरची, तर साधारण 660 ग्रॅम. पोरानं मोबाइलवर गुणाकार केला आणि वहीत लिहून घेतलं. जुनं पोतं सरपंचांना दाखवायला ठेवलंय. ऑक्टोबरात गावच्या पाण्याच्या तपासणीचं कार्ड कुठल्या रंगाचं येतं ते बघायचं. लाल आलं तर ग्रामसभेत सगळ्यांना माझी आठवण येईल.

येताना एक जुनी गोष्ट डोक्यात घोळत होती. मी नाईक असताना सीओ साहेबांच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, बंगल्यात कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडल्या होत्या. मेमसाब म्हणाल्या, "हमारे यहाँ?" माझा हवालदार कानात म्हणाला, ये लाइन काट दे. नाही काटली. दोन रात्री झोप लागली नाही, बदलीची स्वप्नं पडली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या घरांची यादी परेडवर वाचून दाखवली, आणि पहिलं नाव स्वतःच्या बंगल्याचं घेतलं.

सकाळी आशाताईंनी पेन वर धरलं होतं. "राहू द्या, लिहीत नाही साहेब." मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं: भांडी 7, अळ्या असलेली 1. मग मी ट्रे अंगणात मातीवर ओतला. नुसता ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून काथ्यानं घासला आणि उन्हाला लावला. ऊन कुठलं, नुसता उजेड होता.

आता सौ.नं विचारलं, "परत कधी बघायचा तो ट्रे?" दर शुक्रवारी, म्हटलं. कोरडा दिवस, सगळी भांडी रिकामी करून सुकवायचा. तिनं कालनिर्णयवर पुढच्या चारही शुक्रवारांवर माझं नाव लिहून टाकलंय, रँकसकट.