आजींच्या कानाला दडे बसले की

आइसलँडला आल्यापासून घरून फोन आला की एकच प्रश्न असतो: ज्वालामुखीची भीती नाही वाटत? वाटते. पण आज सांगायचंय ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींबद्दल.

आम्ही राजधानी रेक्याविकजवळच्या हाफनारफ्यॉर्दुरला राहतो. आजी मूळच्या ग्रिंदाविक या किनाऱ्यावरच्या गावच्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ५.७ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा मी जिन्याकडे धावले. आजी दारात उभ्याच होत्या. म्हणाल्या, "पहाटेपासून कानाला दडे बसलेत. वाटलंच होतं मला." आधी कान, मग डोकं जड होतं, मग जमीन हलते, असं त्यांचं म्हणणं. इथे असं सांगणारे आणखीही भेटले.

मला ते थोतांड वाटलं नाही. माझं आजोळ पाटणचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपानंतर माझी आजी कधी गाढ झोपलीच नाही. मांडणीतली भांडी जरा किणकिणली की ती उठून बसायची, आम्हाला काही कळायच्या आत.

पुढचे तीन आठवडे रेक्यानेसची, म्हणजे ग्रिंदाविक आहे त्या द्वीपकल्पाची, जमीन थांबेचना. ४०,००० हून जास्त धक्के नोंदले गेले. बहुतेक अगदी बारीक, पण जाणवणारेही रोज असायचे. आधी खोलवर घरघर, लांबून ट्रक यावा तशी, काचा करकरतात, आणि मग हिसका. भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगाने येतात, जोरकस लहरी मागून. मधले ते एक-दोन सेकंद सरावलेलं शरीर खरंच ओळखतं, मीही ओळखायला लागले. पण मग काहीच नसताना पलंग डुलायला लागला. जपानी लोक याला 'जिशिन-योई' म्हणतात, भूकंपाची झिंग. खिडकीत पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि बघायचं. पाणी स्थिर असलं की समजायचं, हलतंय ते आपल्या आत.

मार्चच्या मध्यावर धक्के ओसरले. आजींचे कान मोकळे झाले. "आता काही नाही व्हायचं," त्या म्हणाल्या आणि आम्ही सगळेच निवांत झोपलो. १९ मार्चच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास फाग्रादाल्सफ्याट्ल डोंगराजवळ जमीन फाटली. द्वीपकल्पावर सुमारे ८०० वर्षांनी उद्रेक झाला होता. दक्षिणेचं आकाश लाल झालं होतं आणि आजी माझा हात धरून गच्चीत उभ्या होत्या, एक शब्द न बोलता.

मला तेव्हा कळलं की शरीराला समजतं ते खडक तुटणं. शिलारसाने वाट फोडली, ताण उतरला, की धक्के कमीही होऊ शकतात, आणि नेमका तेव्हाच तो वर आलेला असू शकतो. जमीन काही सेंटिमीटर फुगणं हाडांना नाही कळत, ते जीपीएसला आणि उपग्रहाला कळतं. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंदाविकची जवळपास ३,८०० माणसं बाहेर काढली, ती अशाच मोजमापांवरून. लावा आला १८ डिसेंबरला. इतके दिवस आधीचं कुणाच्या कानाने सांगितलं असतं?

गाव रिकामं केलं त्या रात्री आजींची धाकटी बहीण एक पिशवी घेऊन आमच्या इमारतीत आली. दिवसभर हादरे सोसलेले, इथे सगळं शांत असूनही तिला पलंग हलताना जाणवत होता. मी खाली गेले तेव्हा आजींनी तिच्या उशाशी स्टुलावर पाण्याचा ग्लास ठेवला होता, दिवा त्याच्यावर पडेल असा, आणि दोघी बहिणी त्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या.