तुम्ही विचारलंत म्हणून: तयार सॉफ्टवेअर असताना कोड कशाला लिहिता?

लग्नाच्या जुन्या कॅसेट घेऊन येणारी मंडळी विचारतात, नव्या पेठेतले शूटिंगवाले विचारतात, इंजिनिअरिंगची पोरं तर हमखास विचारतात: कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला फुकट सॉफ्टवेअर ढिगानं पडलंय, मग तुम्ही लिनक्सवर कॅप्चर कार्डाशी, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्युटरात घेणाऱ्या कार्डाशी, थेट कशाला झुंजता?

कारण फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, सुटली तर बरीचशी तयार सॉफ्टवेअर तोंडातून ब्र काढत नाहीत.

आपल्याकडच्या कॅसेट पाल या टीव्ही-सिग्नलच्या पद्धतीच्या. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. सोलापूरचे कैक उन्हाळे लोखंडी कपाटात काढलेल्या टेपवर सिग्नल मधेच तुटतो आणि फ्रेम हातची जाते. आवाज मात्र साउंड कार्डातून अखंड येत राहतो. सॉफ्टवेअरनं आलेल्या फ्रेम नुसत्या एकामागं एक जोडल्या, की 25 फ्रेम सुटल्यावर चित्र सेकंदभर पुढं गेलेलं असतं. मग ‘सावधान’ कानावर पडायच्या आधीच अक्षता पडतात!

लिनक्सच्या व्ही4एल2 मध्ये, म्हणजे व्हिडिओ घ्यायच्या त्याच्या ठरलेल्या व्यवस्थेत, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) प्रत्येक बफरबरोबर, म्हणजे फ्रेम ठेवलेल्या रॅमच्या तुकड्याबरोबर, अनुक्रमांक आणि वेळेचा शिक्का देतो. 4101 नंतर थेट 4103 आला, तर 4102 गेली. माझा प्रोग्रॅम तिथं आधीचीच फ्रेम पुन्हा भरतो आणि तशी नोंद करतो. नुसत्या अनुक्रमांकावर मी विसंबत नाही. सिग्नलच गेला तर तो आकडा पुढं सरकेलच असं नाही. शिक्क्यांमध्ये मात्र 40 च्या जागी 80 मिलिसेकंदांचं अंतर दिसतं. एवढ्यासाठीच तयार सॉफ्टवेअर सोडून खाली, ड्रायव्हरपर्यंत उतरायचं.

उतरल्यावर मात्र मजा येते, हे कबूल. माझं कार्ड जुनं, बीटी878 चिपचं. या चिपला प्रोसेसरनं एकेक पिक्सेल उचलून न्यावा लागत नाही. तिचा बीटीटीव्ही नावाचा ड्रायव्हर रॅममध्ये छोटासा प्रोग्रॅम मांडून ठेवतो: इथं लिही, एवढं सोड, तिकडं उडी मार. चिप तो स्वतः वाचते आणि चित्र रॅममध्ये ओतते. चादरीचा जेकार्ड माग पाहिलेल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. तिथंही नक्षीची कार्डं साखळीत फिरतात आणि प्रत्येक कार्ड बाण्याची एकेक ओळ ठरवतं.

खरी मेख पुढं आहे. 720 पिक्सेलची ओळ, पिक्सेलला दोन बाइट, झाले 1440. रॅमचं पान 4096 बाइटचं, आणि प्रोग्रॅमला सलग दिसणारी पानं प्रत्यक्षात कुठंही विखुरलेली. त्यामुळं साधारण दर तिसरी ओळ दोन पानांवर पडते आणि तिच्यासाठी लिहिण्याच्या आज्ञेचे दोन तुकडे करावे लागतात. त्यात पालचं चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एक आड एक ओळी दोन हप्त्यांत येणार. ड्रायव्हरचा हा भाग मी वाचला तेव्हा लिहिणाऱ्याला मनोमन हात जोडले.

तुमच्याकडं दोन-चारच कॅसेट असतील तर या फंदात पडू नका. यूएसबीत खोचायचं छोटं कॅप्चर डोंगल घ्या, पूर्ण कॅसेट उतरवा आणि शेवटचा तुकडा लावून ओठ नि आवाज जुळतात का तेवढं बघा. चित्राच्या तळाशी काही ओळी फाटल्यासारख्या दिसतील. तिथं व्हीसीआर टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्यावर जातो. जुन्या टीव्हीत तो भाग चौकटीआड लपायचा. त्या ओळी कापू नका, काळ्या करा, म्हणजे चित्राची 576 ओळींची उंची तशीच राहील.