मेणवलीच्या घाटावर चौकट बांधताना

नवा कॅमेरा घेतलेले मित्र मला बहुधा लेन्सविषयी विचारतात. मी मात्र त्यांना आधी वाईजवळच्या मेणवलीला घेऊन जातो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर जो दगडी घाट आहे, तिथे छायाचित्राची चौकट कशी बांधावी हे एका सकाळीत उमगते, असा माझा अनुभव आहे.

वरच्या पायरीवर उभे राहिले की नदी, देवळे, झाडे आणि पलीकडचा काठ असे सगळेच एका चित्रात घ्यावेसे वाटते. पण अशा चित्रात नजर कुठेच ठरत नाही. म्हणून दहा-बारा पायऱ्या उतरावे आणि गुडघ्यावर बसावे. आता चंद्रकोरीसारख्या वळत गेलेल्या पायऱ्यांच्या कडा चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरतात आणि पाहणाऱ्याला हाताला धरून थेट देवळापर्यंत नेतात.

मोबाइलमध्येही ग्रिडची सोय असते, ती कायम सुरू ठेवावी. दोन उभ्या व दोन आडव्या रेघांनी चौकटीचे 9 भाग होतात आणि मुख्य विषय या रेघांवर किंवा त्या जिथे छेदतात तिथे ठेवला की चित्राला मोकळा श्वास मिळतो. याला ‘रूल ऑफ थर्ड्स’ म्हणतात. हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या 1797 सालच्या लेखनात आढळते, म्हणजे ते कॅमेऱ्याहून जुने आहे. आभाळ नुसतेच पांढुरके असेल, तर त्याला मी एक तृतीयांश जागाही देत नाही. पाणी निवांत असून देवळाचे प्रतिबिंब पूर्ण पडलेले असेल, तेव्हा मात्र पाण्याची कड खुशाल मध्यावर घ्यावी, कारण तिथे नियम पाळण्याच्या नादात प्रतिबिंबाचा कळसच कापला जातो.

वसईच्या 1739 सालच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा घाटावरच आहे. तिच्या अगदी जवळ जाण्याऐवजी थोडे मागे सरावे आणि भोवतीच्या दगडाची गडद कड चित्रात राहू द्यावी. घंटेचा आकार त्यामुळे उठून दिसतो.

सर्वांत अवघड असते ते चौकटीच्या कडा आणि पार्श्वभूमी तपासणे. एकदा तिथे धुणे धुणाऱ्या एका मावशींना विचारून मी त्यांचा फोटो घेतला. उगारलेला पिळा, उन्हात उडालेले थेंब, सारे मनासारखे जुळून आले होते. घरी येऊन पाहिले, तर पलीकडच्या काठावरचा विजेचा खांब नेमका त्यांच्या डोक्यातून वर निघालेला. अर्धे पाऊल डावीकडे सरलो असतो, तर तो झाडाआड गेला असता.