नोंद ७ : दोष आयबीयूचा नव्हता, कौलांखालच्या माळ्याचा होता

मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिलं होतं की बिअरमध्ये ४० आयबीयूच्या (कडूपणा मोजण्याचं एकक) वर माझी जीभ जात नाही. ते विधान आज मागे घेतो. रविवारी संध्याकाळी मागच्या पडवीत बसून ६५ आयबीयूची आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडवट बिअर, मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. रिकाम्या ग्लासालाही संत्र्याच्या सालीचा वास येत होता.

आधीच्या नोंदी वाचणाऱ्यांना माझी अडचण ठाऊक आहे. पुण्यात टॅपवरची पेल एल घेतली की कैरी, संत्रं, नुकतं कापलेलं गवत. त्याच ब्रुअरीची बाटली रत्नागिरीत उघडली की ओला पुठ्ठा, आणि मागाहून काडेचिराइताच्या काढ्यासारखा घशाला धरून बसणारा कडूपणा. चार महिने मी याच्या मागे होतो. आधी जेवणावर संशय घेतला. कडूपणा आणि अल्कोहोल मिळून मिरचीचा जाळ वाढवतात हे खरं, म्हणून तळलेला बांगडा बंद करून नुसते चणे घेतले. चव तीच. मग ग्लास. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो, म्हणून ग्लास सोड्याने धुऊन उपडे वाळवले. फेस सुधारला, पुठ्ठा तसाच. मग आयबीयू कमी करत २५ पर्यंत उतरलो, तरीही तो कडूपणा येतच होता. आकडा दोषी असता तर एवढ्या उतरणीवर काहीतरी फरक पडायला हवा होता. मी तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगतो : १ आयबीयू म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि सुवास देणारी एका वेलीची फुलं) वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्यात, उकळले की त्यातल्या अल्फा आम्लांचं रूप बदलतं आणि कडूपणा येतो. सुगंधी तेलं मात्र त्याच उकळीत वाफेबरोबर निघून जातात. म्हणून सुवासाचे हॉप्स उकळी संपताना घालतात, नाहीतर थंड बिअरमध्ये, म्हणजे ड्राय हॉपिंग. लेबलवरचा आकडा फक्त कडूपणाचा असतो. माल्ट भरपूर आणि ड्राय हॉपिंग सढळ असेल तर ६५ ची बिअरही सौम्य लागते.

कोडं सुटलं ते पुण्यातल्या एका ब्रुअरशी बोलताना. त्यांच्यात एक ठोकताळा आहे : ३-३०-३००. साधारण ३२ अंशांवर ३ दिवसांत बिअरचं जेवढं वय होतं, तेवढं २२ अंशांवर ३० दिवसांत आणि फ्रिजच्या ३ अंशांवर ३०० दिवसांत होतं. मी बाटल्या कुठे ठेवत होतो? माळ्यावर, कौलांच्या खाली. मे महिन्यात तिथे दुपारी ३२ च्या खूप वर पारा असतो. त्याआधी दुकानात, त्याआधी गोदामात, आणि त्याआधी घाट उतरणाऱ्या तापलेल्या टेम्पोत. तेलं आधी उडतात आणि विटतात, कडूपणा मागे रेंगाळतो. मी त्या उरलेल्या कडूपणालाच हॉप्सची चव समजत होतो.

ऐकून विश्वास ठेवायचा नाही, करून बघायचं, असं ठरवलं. एकाच बॅचच्या सहा बाटल्या पुण्याहून आणल्या. परवाना खिशात होता आणि बाटल्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासे भरतात तसल्या थर्माकोलच्या नव्या पेटीत, बर्फाच्या चुऱ्यात. आजवर मी या छंदासाठी जे जे विकत घेतलं त्यात ही पेटी सर्वांत उपयोगाची निघाली. बाहेर मिळणारा महागडा कूलर मी आता कोणाला सुचवणार नाही. तीन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, तीन माळ्यावर, नऊ दिवस. आदल्या दिवशी माळ्यावरच्या बाटल्याही फ्रिजमध्ये टाकल्या, म्हणजे तापमानावरून ओळखू येऊ नये.

चाखायला मी, आतेभाऊ आणि वहिनी. पद्धत त्रिकोणी : तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. दुसऱ्या खोलीत पुतण्या ओततो, आम्हाला काही कळत नाही. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. सहापैकी पाच उत्तरं बरोबर आली! नुसत्या अंदाजाने सहात पाच किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी असते. वहिनींनी यापूर्वी आयपीए कधी घेतली नव्हती, तरी त्यांच्या दोन्ही फेऱ्या बरोबर. चुकलेलं एक उत्तर माझं.

मग वहिनींनीच नेमका प्रश्न विचारला : "पण भावोजी, ही तर म्हणे इंग्लंडहून जहाजाने मुंबईला यायची. महिनोन्‌महिने उन्हातान्हात. तेव्हा नाही बिघडायची?" विचार करायला लावणारा प्रश्न आहे. त्या काळच्या पिंपातल्या बिअरकडून ताज्या फुलाचा वास कोणी अपेक्षित नव्हता. तिथे हॉप्सचं काम बऱ्याचशा जिवाणूंना रोखण्याचं होतं, आणि प्रवासात ती मुरत असे. आजची ड्राय हॉप केलेली आयपीए तेलांवर जगते. नाव एक, अपेक्षा वेगळी.

त्याच दिवशी उन्हाचाही प्रयोग केला. फ्रिजमधल्या बाटलीतली थोडी पारदर्शक ग्लासात ओतून अंगणात दहा मिनिटं ठेवली. आतेभावाने वास घेतला आणि म्हणाला, "अरे, सिलिंडरची नळी तपास आधी." वास त्याच कुळातला असतो. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून एक थायोल, म्हणजे गंधकाचं वासाचं संयुग, तयार होतं, आणि घरगुती गॅसला मुद्दाम घातलेला वासही थायोलचाच. तपकिरी काच बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये हा प्रश्नच उरत नाही. मी ज्या दुकानातून आजवर घेत होतो तिथे बाटल्या दर्शनी काचेपाशी, पश्चिमेच्या उन्हात मांडलेल्या असतात. दुकानदार मनाने भला आहे, पण हॉप्स भरपूर असलेली बिअर तिथून आता घेणार नाही. साधी लेगर बिअर घ्यायची तर तीही मागच्या फ्रिजमधली.

तेव्हा नवख्यांना माझा बदललेला क्रम असा : आधी उत्पादनाची तारीख, मग ती कुठे ठेवली होती, मग कॅन की बाटली, आणि शेवटी हॉप्सचं नाव व आयबीयू. मासळी घेताना आपण आधी कल्ले उघडून बघतो, भाव नंतर विचारतो, तसंच. ग्लास मात्र बर्फाळ नको. ८-१० अंशांवर वास उघडतो.

आता रविवारच्या ६५ वाल्या बाटलीबद्दल, कारण मला अजून तिचाच आनंद आहे. ती जेमतेम तीन आठवड्यांची होती आणि कारखान्यापासून माझ्या फ्रिजपर्यंत थंड राहिलेली. पहिला वास आला तो हापूसचा देठ तोडल्यावर उडणाऱ्या चिकाचा. तीक्ष्ण, राळेसारखा, बोटांना चिकटणारा. बागेत आंबे उतरवताना लहानपणापासून हाच वास घेतलाय. हॉप्सच्या तेलात मायर्सीन हे सुगंधी द्रव्य भरपूर असतं आणि आंब्यातही ते सापडतं, हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं.

पुढचा बेत डबल, म्हणजे आणखी कडक, आयपीएचा होता. हे लिहिता लिहिता तो बदलतोय. एका बाटलीत तीन-चार हॉप्स एकत्र असले की नाकाला कोणाचं काय ते कळत नाही. त्यापेक्षा हॉप्स सुटे आणावेत : १९७२ साली आलेली कॅस्केड आणि २०१२ साली आलेली मोझेक या जाती, दोन्ही ५०-५० ग्रॅम. थंड सोड्याच्या बाटलीत चिमूट चिमूट टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे, गाळायचे आणि एकेक वास ओळखीचा करून घ्यायचा. यात अल्कोहोल नाही, तेव्हा आईही चाखेल, आणि घरात सगळ्यांत तिखट नाक तिचंच आहे. शेजारी देठाचा चीक ताजा ठेवायचा आहे, म्हणून पाऊस लागायच्या आत, आंबे संपायच्या आत हे व्हायला हवं. सुटे हॉप्स निर्वात पाकिटात, बर्फावर पाठवणारा कोणी माहीत असेल तर कळवा. पेटी मी इकडून पाठवतो.