ताटाच्या कडेची हाडं

रविवारी दुपारी शागुती संपली, बाकीचे हात धुवायला उठले आणि मी नेहमीप्रमाणे मागे राहिलो, ताटाच्या कडेला हाडं मांडत. वर मान, मग फासळ्या, खाली तंगड्या. पूर्ण कधीच होत नाही, कारण एक कोंबडी सगळ्यांच्या ताटांत वाटली गेलेली असते. पेडण्याला आजोळी मामा ओरडायचा, ‘‘जेवतंस रे, काय पंचनामो करतंस?’’ आजी मात्र आपल्या ताटातलं छातीचं हाड गुपचूप माझ्याकडे सरकवायची. मधोमध उभी धार असलेलं ते हाड मला सगळ्यांत आवडायचं. उडण्याचे स्नायू त्या धारेलाच चिकटलेले असतात. आजीच्या गावठी कोंबड्यांची झेप कुंपणापलीकडे जात नसे, पण सामान सगळं होतं.

जुन्या काळच्या साहेब संग्राहकांचं उलटं. त्यांना पिसं हवीत. पक्षी मारायचा, सोलायचा, कातडीला आर्सेनिकचा साबण फासून आत कापूस भरायचा. चोच, कवटी, पंख-पायांची थोडी हाडं कातडीबरोबर राहायची, बाकीचा सांगाडा बहुतेकदा फेकून. म्हणून संग्रहालयांत कातड्यांचे खणच्या खण भरलेले आणि सांगाडे त्यामानाने थोडे. डोडोचं तर दोन्हीकडून गेलं. ऑक्सफर्डला एक डोकं आणि एक पाऊल उरलं. बाकी ठिकाणी जे सांगाडे उभे दिसतात, ते बहुतेक १८६५पासून मॉरिशसच्या दलदलीत सापडलेल्या सुट्या हाडांचे, याचा पाय नि त्याची मान. म्हणजे माझ्या ताटासारखेच.

गोव्यातून १६१२ साली मुकर्रब खान या सरदाराने जहांगीरसाठी एक टर्की नेला होता. बादशहा इतका खूश, की दरबारी चित्रकार मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. चित्र आज लंडनला आहे. हाडं बहुधा शाही उकिरड्यावर गेली असणार.

हाडांची कदर केली ती डार्विनने. त्याने कबुतरं पाळली, त्यांचे सांगाडे जमवले. पक्ष्याचा सांगाडा काढताना वासाने तो आणि त्याचा नोकर दोघेही ओकारीला आले, तरी हाडांचा नाद सुटला नाही. (मामाला हे ऐकवायला हवं होतं.) त्याची कबुतरं अजून इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात आहेत. बदकांची हाडं तर त्याने तोलली. सबंध सांगाड्याच्या प्रमाणात पाळीव बदकाची पंखांची हाडं रानबदकापेक्षा हलकी, पायांची जड. उडणं कमी, चालणं जास्त, असा त्याचा हिशेब.

आता आमच्याकडे बाजारातून येतो तो ब्रॉयलर. जेमतेम सहा आठवड्यांचा. त्याच्या छातीच्या हाडाचं टोक दाताखाली सहज चावलं जातं. ती नुसती कुर्चा असते, हाड व्हायला वेळच मिळालेला नसतो. आपल्या काळाची खूण म्हणून पुढे जमिनीच्या थरांत ब्रॉयलरची हाडं सापडतील, असं काही शास्त्रज्ञांनी २०१८ साली लिहिलं. कोणी मांडायला बसलंच, तर त्याला कमी काही पडणार नाही. फक्त ती सगळी दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांची असतील.